गरोदरपणातील लाळग्रंथींचा कर्करोग : आठवड्यांचा हिशेब

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या आजाराची माहिती देणारा लेख असावा, हा प्रघात आम्ही पाळत आलो आहोत. आपला पैसा कोणत्या कामी लागतो हे देणगीदारांना कळावे, विश्वस्तांना निर्णय घेताना आधार मिळावा आणि रुग्णांच्या नातेवाइकांना धीर धरून वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचता यावे, हा त्यामागील हेतू आहे. मधुमेह, क्षयरोग, हृदयविकार यांसारख्या घरोघरी आढळणाऱ्या आजारांवर सर्वत्र पुष्कळ लिहिले जाते. यंदा आम्ही मुद्दामच एक विरळ विषय निवडला आहे. गरोदर स्त्रीच्या लाळग्रंथीत कर्करोगाची गाठ आढळली तर काय करावे, हा तो विषय.

विरळ आजारासाठी अहवालाची पाने का खर्ची घालावीत, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, नेहमीच्या आजाराची वाट मळलेली असते. रुग्ण दारात आला की कोणत्या खिडकीवर जायचे, कोणता कागद करायचा, कोणत्या डॉक्टरांना भेटायचे हे शिपायापासून परिचारिकेपर्यंत सर्वांना ठाऊक असते. विरळ आजारात ही वाट प्रत्येक वेळी नव्याने पाडावी लागते, आणि ती पाडताना दिवस जातात. या आजारात दिवस जाणे हीच सर्वांत महाग गोष्ट आहे.

आम्ही वैद्यक शिकलेलो नाही; आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. लेखातील वैद्यकीय भाग आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून समजून घेऊन लिहिला आहे. मात्र हिशेब मांडणे हे आमचे रोजचे काम आहे, आणि या आजाराकडे पाहताना आम्हाला जाणवले की येथेही मुख्य प्रश्न हिशेबाचाच आहे. फक्त तो रुपयांपेक्षा आठवड्यांचा अधिक आहे. एका बाजूला आईच्या उपचाराचे आठवडे, दुसऱ्या बाजूला बाळाच्या वाढीचे आठवडे. दोन्ही बाजू एकाच पानावर मांडल्या तरच योग्य निर्णय होतो, एवढेच आम्हास या लेखात सांगावयाचे आहे.

लाळग्रंथी आणि त्यांतील गाठी

माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. त्यासाठी मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. कानापुढे व कानाच्या पाळीखाली असलेली पॅरोटिड ग्रंथी सर्वांत मोठी; गालगुंडात सुजते ती हीच. दुसरी जोडी जबड्याच्या हाडाखाली आणि तिसरी जिभेखाली असते. याखेरीज ओठ, गाल आणि टाळू यांच्या आतील अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात.

लाळग्रंथींच्या गाठींपैकी बहुसंख्य गाठी पॅरोटिडमध्ये होतात, आणि दिलासा देणारी गोष्ट ही की, तेथील चारांपैकी सुमारे तीन गाठी साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या असतात. ग्रंथी जितकी लहान तितकी कर्करोगाची शक्यता अधिक, असा या बाबतीत एक ढोबळ नियम आहे. जबड्याखालील ग्रंथीच्या गाठींपैकी जवळजवळ निम्म्या कर्करोगाच्या निघतात. जिभेखालील आणि टाळूवरील गाठींत हे प्रमाण त्याहून अधिक असते.

कर्करोगाचेही अनेक प्रकार आहेत. म्युकोएपिडर्मॉइड हा सर्वाधिक आढळणारा. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक आणि अ‍ॅसिनिक सेल हे आणखी दोन प्रमुख प्रकार. गाठ किती आक्रमक आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिला कमी, मध्यम किंवा उच्च श्रेणी दिली जाते. कमी श्रेणीची छोटी गाठ पूर्ण काढली गेली तर बहुधा आणखी काही करावे लागत नाही. उच्च श्रेणीच्या गाठीला शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारही लागतात. ही श्रेणी पुढे सांगितलेल्या हिशेबात फार महत्त्वाची ठरते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. तोंडाच्या कर्करोगाशी तंबाखू, मिश्री आणि सुपारी यांचे नाते पक्के आहे. लाळग्रंथींच्या कर्करोगाशी तसे नाते नाही. गाठीचे निदान झाल्यावर "काय खात होतीस?" असा संशय घेऊन त्या स्त्रीला बोल लावणे अन्यायाचे आहे. आधीच घाबरलेली स्त्री अशा बोलण्याने आपले दुखणे लपवू लागते.

गाठ मागे का पडते

गरोदरपणात कोणत्याही प्रकारचा कर्करोग आढळण्याचे प्रमाण सुमारे हजार गरोदरपणांमागे एक एवढे आहे. त्यांत स्तन, गर्भाशयमुख, रक्त व लसिकाग्रंथी, थायरॉइड यांचे कर्करोग अधिक. लाळग्रंथीचा त्या मानाने फारच थोड्या स्त्रियांना होतो. त्यामुळे कानाखाली गाठ दिसली तरी कोणाच्याही मनात कर्करोग प्रथम येत नाही. गालगुंड असेल, दाढेची सूज असेल, "दिवस गेले आहेत म्हणून अंगावर सूज आली असेल", अशी समजूत करून घेतली जाते. गाठ बहुधा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीकडे आपल्याकडे लक्ष जात नाही. घरात सर्वांचे लक्ष बाळाकडे असते. स्वतः ती स्त्रीसुद्धा "माझे काय ते बाळंतपणानंतर पाहू" असे म्हणते.

याला आपल्या रीतीभातींचीही जोड मिळते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पद्धत चांगलीच आहे. मुलीला विश्रांती आणि माया मिळते. पण सातव्या-आठव्या महिन्यात ओटीभरण होऊन मुलगी माहेरी जाते तेव्हा तिचे गाव बदलते, दवाखाना बदलतो आणि डॉक्टरही बदलतात. सासरच्या डॉक्टरांनी "महिन्याने पुन्हा दाखवा" असे सांगितलेली गाठ माहेरच्या डॉक्टरांना ठाऊकच नसते. तपासणीचे कागद सासरच्या कपाटात राहतात. गाठ तीच, स्त्री तीच. परंतु दोन गावांच्या मध्ये सहा-आठ आठवडे कोणाच्याच खाती जमा होत नाहीत. म्हणून आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे की, मुलीची पाठवणी करताना ओटीच्या सामानाबरोबर तिची संपूर्ण फाइलही द्यावी, आणि एखादी गाठ दाखवायची राहिली असेल तर ती पहिल्याच भेटीत नव्या डॉक्टरांना सांगावी.

तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली, हळूहळू वाढणारी गाठ. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, डोळा पूर्ण न मिटणे किंवा ओठाचा कोपरा ओघळणे. गाठ दगडासारखी घट्ट आणि न हलणारी असणे. मानेत दुसरी गाठ येणे. जबडा नीट न उघडणे — यांपैकी काहीही आढळले तर गरोदरपण हे थांबण्याचे कारण समजू नये.

कोणत्या तपासण्या चालतात

"पोटात बाळ आहे, आता कसली तपासणी करणार?" हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न. याचे उत्तर असे की, आवश्यक त्या बहुतेक तपासण्या गरोदरपणात करता येतात.

पहिली तपासणी मानेच्या सोनोग्राफीची. तिच्यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे बाळाला धोका नाही. दुसरी तपासणी सुईची. बारीक सुईने गाठीतील पेशी घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. "सुई टोचली की कर्करोग पसरतो" ही भीती गावोगावी आहे. तिच्यापायी तपासणी नाकारण्याचे कारण नाही. सुईची तपासणी न केल्याने गाठ नाहीशी होत नाही, फक्त अंधारात राहते. गाठीची खोली आणि चेहऱ्याच्या नसेशी असलेला तिचा संबंध पाहण्यासाठी एमआरआय करता येते, मात्र त्या वेळी गॅडोलिनियम हे औषध शिरेतून देणे टाळले जाते.

सीटी स्कॅन आणि छातीचा एक्स-रे यांबद्दल थोडे आकडे दिलेले बरे, कारण आकड्यांनी भीती कमी होते. गर्भावर किरणांचा परिणाम ५० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रेत झाल्यास व्यंगाचा धोका वाढल्याचे आढळलेले नाही. डोके किंवा मानेच्या सीटी स्कॅनमध्ये गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा एका मिलिग्रेच्या शंभराव्या भागाहून अधिक नसते. छातीच्या एक्स-रेमध्येही ती तेवढीच किंवा त्याहून कमी. नऊ महिन्यांत निसर्गातूनच गर्भाला सुमारे एक मिलिग्रेपर्यंत किरण मिळतात, हे पाहिले म्हणजे तुलना लक्षात येते. असे असले तरी विनाकारण कोणतीही किरण-तपासणी केली जात नाही, आणि पेट स्कॅन प्रसूतीपर्यंत टाळला जातो.

सुईच्या तपासणीत गाठ साधी असल्याचे दिसले आणि इतर लक्षणे नसली, तर डॉक्टर सोनोग्राफीने लक्ष ठेवून शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर करू शकतात. कर्करोग असल्याचे किंवा तसा दाट संशय असल्याचे दिसले, तर मात्र हिशेब सुरू होतो.

शस्त्रक्रिया : मुख्य उपचार

लाळग्रंथीच्या कर्करोगावरील मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे. आणि या आजारात शस्त्रक्रियेची जागा मान व चेहरा येथे असल्यामुळे गर्भाशयाला धक्का लागत नाही. शस्त्रक्रिया गरोदरपणाच्या कोणत्याही टप्प्यात करता येते. मधली तिमाही, म्हणजे चौदाव्यापासून सत्ताविसाव्या आठवड्यापर्यंतचा काळ, अधिक सोयीचा मानतात. तेव्हा बाळाचे अवयव घडण्याचा पहिला नाजूक काळ संपलेला असतो आणि गर्भाशयही फार मोठे झालेले नसते. आज वापरात असलेल्या भुलीच्या औषधांनी नेहमीच्या मात्रेत बाळात व्यंग निर्माण होत असल्याचे आढळलेले नाही.

भूलतज्ज्ञांना मात्र दुप्पट दक्षता घ्यावी लागते. गरोदर स्त्रीचे पोट उशिरा रिकामे होते, श्वासमार्ग सुजलेला असतो आणि प्राणवायू लवकर कमी पडतो. विसाव्या आठवड्यानंतर तिला सरळ पाठीवर निजवले तर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो, म्हणून टेबल डावीकडे थोडे कलते ठेवतात. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर बाळाच्या हृदयाचे ठोके तपासले जातात. वेदनाशामक म्हणून पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळतात. नातेवाइकांनी बाहेरच्या दुकानातून वेदनेची गोळी आणून देऊ नये, ही आमची कळकळीची सूचना आहे.

पॅरोटिडच्या शस्त्रक्रियेत सर्वांत नाजूक काम चेहऱ्याच्या नसेचे. ही नस ग्रंथीच्या आतूनच जाते आणि तिच्या पाच मुख्य शाखांवर भुवया उचलणे, डोळा मिटणे, हसणे, ओठ हलवणे अवलंबून असते. गाठ लहान असताना नस सांभाळून गाठ काढता येते. गाठ नसेला वेढून बसली असेल तर कधी नसेचा भाग काढून तेथे शरीरातील दुसऱ्या नसेचा तुकडा जोडावा लागतो. गाठ वेळेवर दाखवण्याचा अर्थ येथे स्पष्ट होतो. आई बाळाकडे पाहून हसेल की नाही, हे काही वेळा त्या दवडलेल्या आठवड्यांवर ठरते.

किरणोपचार आणि औषधे

गाठ उच्च श्रेणीची असेल, मोठी असेल, नसेच्या कडेने पसरली असेल, काढलेल्या गाठीच्या कडांना रोग उरला असेल किंवा मानेतील गाठींत तो पोहोचला असेल, तर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार दिले जातात. आपल्याकडे यालाच रेडिएशन किंवा "शेक" म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, एकूण सुमारे ३० ते ३३ वेळा, म्हणजे सहा ते साडेसहा आठवडे हा उपचार चालतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत तो सुरू व्हावा, असा प्रयत्न असतो.

येथे आई आणि बाळ यांचे वेळापत्रक समोरासमोर येते. बहुतेक वेळा किरणोपचार प्रसूतीनंतरच दिले जातात. केमोथेरपीचा या आजारातील वाटा मर्यादित आहे. ती द्यावीच लागली तर पहिल्या तिमाहीत टाळतात आणि प्रसूतीच्या सुमारे तीन आठवडे आधी थांबवतात. नव्या प्रकारची नेमकी लक्ष्यभेदी औषधे गरोदरपणात सहसा देत नाहीत.

तीन उदाहरणे

हिशेब नीट समजावा म्हणून येथे तीन उदाहरणे मांडत आहोत. ही कोणा एका रुग्णाची हकिगत नसून शिकवणीसाठी रचलेली उदाहरणे आहेत, हे कृपया ध्यानात घ्यावे.

पहिले उदाहरण. अठरावा आठवडा. कानाच्या पाळीखाली दोन सेंटिमीटरची, हलणारी गाठ. सुईच्या तपासणीत कमी श्रेणीच्या म्युकोएपिडर्मॉइड कर्करोगाचा संशय. तपासण्या दोन आठवड्यांत पूर्ण होतात आणि एकविसाव्या आठवड्यात शस्त्रक्रिया होते. गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत, श्रेणी कमीच आहे, असा अहवाल येतो. किरणोपचार लागत नाहीत. पुढे बाळाची वाढ नेहमीप्रमाणे होते आणि पूर्ण दिवसांनी प्रसूती होते. अशा वेळी कर्करोग आहे एवढ्याच कारणाने सिझेरियन करण्याची गरज नसते. येथे दोन्ही खाती जमेत आहेत. मात्र हीच गाठ "बाळंतपणानंतर पाहू" म्हणून ठेवली असती, तर पाच महिने तिला वाढायला मिळाले असते.

दुसरे उदाहरण. सत्ताविसावा आठवडा. गाठ घट्ट, ओठाचा कोपरा ओघळलेला. उच्च श्रेणीचा कर्करोग. एकोणतिसाव्या आठवड्यात शस्त्रक्रिया. सहा आठवड्यांची मुदत पस्तिसाव्या आठवड्यात संपते. बाळ सदतीस आठवड्यांचे होईपर्यंत थांबून, प्रसूतीतून सावरायला एक-दोन आठवडे दिले, तर किरणोपचार मुदतीनंतर तीन-चार आठवडे उशिरा सुरू होतात. पस्तिसाव्या आठवड्यात प्रसूती घडवली तर आईचे दोन आठवडे वाचतात, पण बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मते. येथे एकच बरोबर उत्तर नाही. गाठीच्या कडांचा अहवाल काय आहे, बाळाची वाढ कशी आहे, नवजात शिशूंचा विभाग जवळ आहे काय, हे सर्व पाहून शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि ती स्त्री यांनी एकत्र बसून तारीख ठरवायची असते. चौतीस आठवड्यांपूर्वीच प्रसूती करावी लागणार असेल तर बाळाची फुप्फुसे पक्व व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात.

तिसरे उदाहरण सर्वांत कठीण. दहावा आठवडा आणि उच्च श्रेणीची गाठ. शस्त्रक्रिया करता येते. परंतु त्यानंतर किरणोपचाराची मुदत येईल तेव्हा बाळ जेमतेम साडेचार महिन्यांचे असेल. प्रसूतीपर्यंत थांबणे म्हणजे आणखी चार महिने. अशा वेळी तीन पर्याय विचारात येतात. मानेवरचे किरणोपचार गर्भाशयापासून दूर असल्याने, भौतिकशास्त्रज्ञांकडून गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा आधी मोजून आणि पोटावर शिशाचे संरक्षण ठेवून ते गरोदरपणातच देणे, हा एक. डोके व मानेवर असे उपचार घेतलेल्या मातांना निरोगी बाळे झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. मात्र ती सोय मोजक्याच मोठ्या केंद्रांत होऊ शकते. धोका पत्करून किरणोपचार पुढे ढकलणे, हा दुसरा. गर्भपात हा तिसरा.

निर्णय कोणाचा

गर्भपाताविषयी स्पष्ट लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. गर्भ काढून टाकणे हा या कर्करोगावरील उपचार नव्हे. त्याने गाठ लहान होत नाही. अडलेला उपचार सुरू करण्यासाठी वाट मोकळी होते, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या उदाहरणातील स्त्रीला घाबरून गर्भपाताचा सल्ला देणे चुकीचे ठरेल, आणि तिसऱ्या उदाहरणातील स्त्रीपासून तो पर्याय लपवणेही तितकेच चुकीचे ठरेल.

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या आणि ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तो तातडीने आवश्यक असेल तर ही मुदत आड येत नाही. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत संमती तिची एकटीची पुरते; पतीची किंवा सासू-सासऱ्यांची सही कायद्याला लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी जरूर सोबत बसावे, विचारावे, धीर द्यावा. परंतु डॉक्टरांनी प्रश्न विचारला की उत्तर तिला देऊ द्यावे. आपल्या रुग्णालयात अशा प्रसंगी डॉक्टर त्या स्त्रीशी काही वेळ एकटीशी बोलतात. नातेवाइकांनी त्यात अपमान मानू नये.

बाळाविषयीच्या शंका

"आईचा रोग बाळाला लागेल काय?" हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते. आईचा कर्करोग गर्भात पोहोचणे ही अत्यंत विरळ घटना आहे. तरीही खात्रीसाठी प्रसूतीनंतर वार तपासणीला पाठवतात.

गर्भात असताना आईला कर्करोग होता अशा मुलांचे पुढे काय होते, याविषयी २०१५ मध्ये "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन" या नियतकालिकात युरोपातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अशा १२९ मुलांची तेवढ्याच इतर मुलांशी तुलना केली होती. आईच्या आजाराने किंवा उपचाराने मुलांची बुद्धी, हृदय किंवा सर्वसाधारण वाढ यांत उणेपणा आल्याचे दिसले नाही. बौद्धिक वाढीवर परिणाम दिसला तो अपुऱ्या दिवसांच्या जन्माचा. "मूल लवकर बाहेर काढा आणि मग काय ते उपचार करा" असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. पोटातील प्रत्येक आठवडा ही बाळाची ठेव आहे. ती कारणाशिवाय मोडू नये.

प्रसूतीनंतर मानेवर किरणोपचार घेणाऱ्या आईच्या अंगात किरण शिल्लक राहत नाहीत. उपचाराच्या खोलीतून बाहेर आल्यावर ती बाळाला कुशीत घेऊ शकते आणि अंगावर पाजूही शकते. केमोथेरपी चालू असताना मात्र स्तनपान थांबवावे लागते. या एका माहितीच्या अभावी बाळाला आईपासून दोन-दोन महिने दूर ठेवले जाऊ नये.

शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

नस शाबूत असूनही काही आठवडे किंवा महिने चेहरा एका बाजूने अशक्त राहू शकतो. डोळा पूर्ण मिटत नसेल तर दिवसा थेंब घालणे, रात्री मलम लावून पट्टी चिकटवणे आणि चेहऱ्याचे व्यायाम करणे आवश्यक असते. कानाच्या पाळीची जाणीव कमी होते. कानातले घालताना जखम झाली तरी कळत नाही, म्हणून जपावे. काही जणींना जेवताना गालावर घाम येतो. तो घातक नसतो. किरणोपचारापूर्वी दात तपासून घ्यावेत, कारण लाळ कमी झाली की दात लवकर किडतात.

पुढील तपासण्या चुकवू नयेत. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक प्रकारात तर दहा वर्षांनंतरही फुप्फुसात रोग उद्भवू शकतो. बाळ शाळेत जाऊ लागले म्हणून आईची फाइल बंद होत नाही. पुढच्या गर्भधारणेचा विचारही डॉक्टरांशी बोलूनच करावा.

पैसा कोठे अडतो

आता आमच्या विषयाकडे येतो. शस्त्रक्रिया व किरणोपचार यांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, तसेच बिलाच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. शिधापत्रिका, आधारकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला पहिल्याच भेटीत आणल्यास मंजुरीत दिवस जात नाहीत.

परंतु जो खर्च कोणत्याच योजनेच्या रकान्यात बसत नाही, तो निराळाच आहे. किरणोपचाराचे यंत्र शहरात, घर खेड्यात. ३० ते ३३ फेऱ्या किंवा सहा आठवड्यांचा मुक्काम. आईबरोबर दोन-तीन आठवड्यांचे तान्हे बाळ, आणि ते सांभाळायला आजी किंवा मावशी. तिघांची राहण्याची जागा, जेवण, गरम पाणी, प्रवासभाडे. नवरा रोजंदारीवर असेल तर त्याची बुडालेली मजुरी. या किरकोळ वाटणाऱ्या खर्चापायी उपचार अर्धवट सुटतात, आणि अर्धवट सुटलेल्या किरणोपचाराचा लाभ पुरता मिळत नाही. यंत्रावर पाटी लावण्यासाठी दिलेली देणगी सर्वांना दिसते. तान्ह्या बाळासह आईला सहा आठवडे राहता येईल अशा खोलीसाठी दिलेली देणगी दिसत नाही. पण तिच्यावाचून यंत्राचा उपयोग अपुरा राहतो. देणगीदारांनी या बाबीचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

प्रशासनाच्या बाजूने तीन गोष्टी आम्ही ठरवल्या आहेत. गरोदर स्त्रीला कर्करोगाचा संशय आल्यास तिची एकच फाइल राहील आणि तिची एक प्रत तिच्याजवळ राहील. फाइलच्या पहिल्या पानावर दोन रकाने असतील : एकात गरोदरपणाचा आठवडा, दुसऱ्यात निदानापासूनचा आठवडा, प्रत्येक भेटीत दोन्ही भरले जातील. आणि सर्व तज्ज्ञांची एकत्र बैठक निदानानंतर आठवड्याच्या आत होईल. तिची तारीख पाळली जाते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी प्रशासन कार्यालयाची राहील.

असा रुग्ण आपल्या दारी क्वचितच येईल. न येवो, हीच इच्छा. आला, तर त्याच्यासाठी वाट आखलेली असावी आणि एकही आठवडा कागद शोधण्यात जाऊ नये, एवढी तयारी आपण सर्वांनी मिळून ठेवू या.